चौदा वर्षं सौदीत राबलेल्या माणसाच्या म्हातारपणाची सोय कुणी बघायची?

दुधनाकाठ
राम राम, सलाम मंडळी.
माझा चुलतभाऊ मागच्या जुलैत सौदीवरून कायमचा परत आला. वय ४६. २०११ ला गेला तेव्हा सेलूत सगळे म्हणाले, आता याचं नशीब फळफळलं. सेंटरिंगचं काम, एकाच कंपनीत १४ वर्षं. शेवटचा पगार १,५०० रियाल. येताना हातावर ४,००० रियाल टेकवले अन् विमानात बसवलं.

काल त्यानं एक पॉलिथिनची पिशवी माझ्यापुढं ठेवली. आत चार कागद, गंजलेल्या टाचणीनं अडकवलेले. सगळा मजकूर अरबी. खाली निळ्या शाईचा अंगठा. भाऊ सातवी शिकलाय, चांगली वळणदार सही करतो, तरी त्याचा अंगठा घेतला. कशावर घेतला, त्यालाही ठाऊक नाही.

२०२२ ला बांधकामाच्या पाटावरून पडून डावा गुडघा गेलाय. आता वावरात उभं राहून फवारणी होत नाही. दोन लेकी शिकायल्यात.

आमच्या सेलूच्या मोंढ्यातला कापूस पार बांगलादेशापर्यंत सूत होऊन जातो. त्याच्या भावाला, वजनाला, प्रतीला सगळीकडं नियम आहेत. पण माणूस देश बदलून राबायला गेला की त्याच्या म्हातारपणाची जिम्मेदारी कुणाची? तिथल्या सरकारची, कंपनीची, का आपली? ज्यांना अनुभव आहे त्यांनी खरंच सविस्तर लिहा.

अजिंठा
वाचून कसंतरी झालं. इथंच बसलेय, वाचतेय.

वकीलबाई
दुधनाभाऊ, आधी तातडीचं बोलते, बाकी चर्चा मागून होईल.

सौदीच्या कामगार कायद्यात नोकरी संपताना द्यायची रक्कम ठरलेली आहे. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागं अर्धा महिन्याचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा. म्हणजे अडीच अधिक नऊ, एकूण साडेअकरा महिने. १,५०० नं गुणा, १७,२५० रियाल होतात. मिळाले ४,०००. फरक आपल्या पैशात तीन लाखांच्या आसपास जातो. त्यानं स्वतः राजीनामा दिला असला तरी दहा वर्षांवर नोकरी झालीय, त्यामुळं पूर्ण रकमेचा हक्क आहे.

पण दावा करायला नोकरी संपल्यापासून १२ महिनेच असतात. जुलै म्हणालात ना? मग पाच महिने उरलेत. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. करारनामा, इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, पासपोर्टचे शिक्के, बँकेत पगार जमा झाल्याचे उतारे, जे सापडेल ते जोडा. आणि तो अरबी कागद कुणाकडून तरी शब्द न् शब्द वाचून घ्या. त्यात 'सर्व रक्कम मिळाली' असं असेल तर तक्रारीत पहिल्याच ओळीत लिहा की मजकूर समजावून न सांगता अंगठा घेतला.

नांदेडी मामू
दुधनाभाऊ, तुमच्या भावाच्या जागी मी स्वतःला बघायलो. जेद्दा, दम्माम मिळून ११ वर्षं काढली मी.

वकीलबाईंनी सांगितलेलं आधी करा. आणि एक विचारा त्याला, मधी कधी कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, बदलला होता का. बदलला असेल तर हिशोब तुटतो, ज्याच्याकडं जेवढी वर्षं त्याच्याकडं तेवढेच मागता येतात.

आता पेन्शनचं. तिथं पेन्शन आहे, पण सौदी माणसाला. बाहेरच्याला त्यांच्या सामाजिक विम्यात फक्त कामावरच्या अपघाताचा भाग लागू. मालक दोन टक्के भरतो. गुडघ्याचा अपघात तिथं नोंदवला गेला असता तर कागद राहिला असता. आमच्या कॅम्पात कुणी पडलं की फोरमन म्हणायचा, आज आराम कर, उद्या ये. पोरं ऐकायची. नोंद केली तर पुढचा करार निघणार नाही ही धास्ती.

माझ्या खोलीत वरच्या बर्थवर एक मल्याळी होता. दर महिन्याला तो मोबाइलवरून त्यांच्या प्रवासी कल्याण मंडळात थोडे पैसे भरायचा. केरळनं त्यासाठी २००८ साली कायदाच केलाय. साठ वर्षांनंतर पेन्शन, मधी काही झालं तर घरच्यांना मदत. मी त्याला विचारायचो, आमच्याकडं असं काही का नाही रे? तो म्हणायचा, तुमच्या गावात गल्फवाले किती? मी म्हणायचो, माझ्या गल्लीत नऊ. तो म्हणायचा, आमच्या गल्लीत प्रत्येक घर. मग आमदाराला ऐकावं लागतं.

म्युनिकचा लातूरकर
मामू, तुमच्या खोलीतलं हे बोलणं डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो.

मी लातूरचा. बारावीला ट्यूशन एरियात पहाटे पाचला सायकल काढणाऱ्यांपैकी. आता आठ वर्षं जर्मनीत आहे. माझ्या पगारातून पेन्शन विम्याचे ९.३ टक्के कापले जातात, तेवढेच मालक भरतो. ६० महिने भरले की म्हातारपणी पेन्शनचा हक्क बसतो. भारत आणि जर्मनीमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार आहे, २०१७ च्या मे महिन्यापासून लागू. त्यामुळं उद्या मी औसा रोडला घर बांधून राहिलो तरी ती पेन्शन मला तिथं येईल. कमी वर्षं भरली असतील तर भारतातली वर्षं मिळवून पात्रता मोजतात. कंपनीनं तात्पुरतं पाठवलेल्याला पीएफ कार्यालयाचा दाखला दाखवला की इथं ४८ महिन्यांपर्यंत भरावंच लागत नाही, भारतातला पीएफ चालू राहतो.

असे करार भारतानं बेल्जियम, फ्रान्स, नेदरलँड्स, दक्षिण कोरिया, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा बऱ्याच देशांशी केलेत. यादी नीट बघा. माझ्यासारखे जिथं जातात ते देश त्यात आहेत. दुधनाभाऊंचा भाऊ जिथं गेला तो नाही. मी एसीत बसतो, तो ४५ डिग्रीत पाटावर उभा असतो, आणि सोय माझी झाली. हे मला पटत नाही.

शेडमालक
सगळ्यांच्या भावना कळतात. पण दुसरी बाजूही लिहितो, राग मानू नका.

वाळूजला माझी छोटी शेड आहे, १८ माणसं. मोठ्या कंपनीला सुटे भाग देतो. खरेदीवाला साहेब दरवर्षी भाव खाली मागतो, म्हणतो व्हिएतनामवरून अमक्या भावात मिळतं. पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी सगळं भरतो मी. शेजारचा ठेकेदाराची माणसं लावतो, काही भरत नाही, त्याचा भाव माझ्यापेक्षा कमी. ऑर्डर त्याला जाते. प्रत्येक देशानं सुरक्षा वाढवायची म्हटलं तर जो वाढवणार नाही त्याच्याकडं काम पळणार. गल्फचंही तसंच. आपण अटी घातल्या तर ते नेपाळ, बांगलादेशातून माणसं नेतील. मग पोरांनी करायचं काय? सोयाबीनच्या भावावर घर चालतं का?

नांदेडी मामू
शेडमालक, फिलिपिन्सचं उदाहरण उलटं आहे हो. फिलिपिन्सवाले अटी घालतातच. कामगार निघताना २५ डॉलरची कल्याण निधीची वर्गणी भरलेली लागते, आणि २०१८ च्या कायद्यानं परदेशातल्या कामगाराला त्यांच्या सामाजिक सुरक्षा योजनेत घेणं सक्तीचं केलं. तरी प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक हॉटेलात त्यांचीच माणसं दिसायची. कुणी म्हणलं नाही की तुम्ही महाग पडलात.

बालाघाटची लेक
शेडमालक दादा, काम पळतं हे तुमचं खरं आहे. माझा जन्मच पळणाऱ्या कामात झाला म्हणा.

माझे माय-बाप धारूर तालुक्यातले, ऊसतोडीचे. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल जोडीवर. बाप एकटा गेला असता तर अर्धा कोयता. कधी पश्चिम महाराष्ट्र, कधी बेळगाव, बागलकोट. मी सहावीपर्यंत दर हिवाळ्यात कोपीत राहिले. माझ्या धाकट्या भावाचा डोस चुकला, कारण आमचं नाव धारूरच्या अंगणवाडीत अन् आम्ही कर्नाटकातल्या फडात. रेशन कार्ड ट्रंकेत असायचं, ज्वारी बाजारातून विकत. आता एक देश एक रेशन कार्ड झालंय, कुठंही अंगठा लावला की धान्य मिळतं, हे मी स्वतः बघितलंय, चांगलं झालं.

दुधनाभाऊ, तुमच्या भावाचा निळा अंगठा वाचला अन् माझ्या मायचा अंगठा आठवला. मुकादमाच्या वहीत. कारखाना म्हणायचा ही आमची माणसं नाहीत, मुकादमाची आहेत. मुकादम म्हणायचा मी तर नुसता माणसं पुरवतो. मायच्या पायावर मोळी पडली त्या वर्षी दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. सौदीत कंपनी अन् एजंट, आमच्याकडं कारखाना अन् मुकादम. सांगाडा एकच आहे. देश ओलांडायची गरज नाही, भीमेपलीकडं गेलं तरी पुरतं.

आता राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्याकडून टनामागं १० रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. पोरांसाठी वसतिगृहं निघाली. माझ्या वेळी असती तर सातवीला मला मावशीच्या दारात राहावं लागलं नसतं. मी आज नर्स आहे, पण माझ्या बरोबरीच्या पोरी अजून फडात आहेत. २०१९ ला बीडच्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या, त्यात माझ्या ओळखीच्या तिघी होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड बसतो, म्हणून तिशीच्या आत पिशवी काढून टाकली. हा कुठल्या सुरक्षेचा विषय म्हणायचा, तुम्हीच सांगा.

अजिंठा
ताई, शब्द नाहीत.

येसर
थोडं विषयांतर करतो, मन जड झालंय म्हणून. माझा मेव्हणा कतारला जाताना दरवेळी बहीण त्याच्या बॅगेत येसराचा डबा घालते. एकदा विमानतळावर उघडून बघितलं, अधिकारी वास घेऊन शिंकून शिंकून बेजार! मेव्हण्यानं त्याला कालवण कसं करायचं ते समजावून सांगितलं अन् डबा सुटला. बाकी धपाटे चार दिवस टिकतात, शेंगदाण्याची चटणी महिनाभर.

आता विषयाचं: कतारनं २०२१ पासून किमान वेतन लागू केलं, १,००० रियाल, जेवण-राहणं वेगळं. नोकरी बदलायला मालकाची परवानगी लागायची तीही काढली. मेव्हण्याला त्याचा फायदा झाला. म्हणजे दबाव आला की नियम बदलतात. फुटबॉलच्या विश्वचषकामुळं सगळ्या जगाचं लक्ष होतं तिथं.

म्युनिकचा लातूरकर
येसर, डबा इकडं पाठवा.

नांदेडी मामू
धपाट्याला दही लागतं, दम्मामला दही झकास मिळायचं.

ओहायोतून परत
मी संभाजीनगरचा. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर सहा वर्षं होतो. म्युनिकवाल्यांचं ऐकून माझंही दुखणं सांगतो. तिथं सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के माझ्या पगारातून आणि तेवढेच कंपनीकडून कापले गेले, दर महिन्याला, सहा वर्षं. पेन्शनच्या हक्काला ४० तिमाही, म्हणजे दहा वर्षं लागतात. व्हिसा साधारण सहाच वर्षांचा. मी परत आलो, पैसे तिकडंच. भारताचा अमेरिकेशी करार नाही. वर्षानुवर्षं बोलणी ऐकतोय.

माझ्या तक्रारीला दुधनाभाऊंच्या भावाच्या पंक्तीत बसवत नाही, माझं घर चाललंय. पण गाठ तीच आहे.

वकीलबाई
ओहायोवाले, तुमची गाठ अन् बालाघाटच्या ताईंची गाठ एकाच दोरीला आहे. हे मला या धाग्यावर सांगायचंच होतं.

असा करार करायचा तर अमेरिकेच्या कायद्यात अट आहे: समोरच्या देशाची पेन्शन किंवा सामाजिक विमा योजना तिथल्या लोकांना सर्वसाधारणपणे लागू असलेली हवी. आपला पीएफ मुख्यतः संघटित क्षेत्रातल्या पगारदारांचा. फडातला कोयता, नाक्यावरचा गवंडी, घरकाम करणारी बाई त्याच्या बाहेर. बोलणी अडकण्याची जी कारणं पुढं आली त्यात हे मोठं आहे. म्हणजे ताईंच्या मायचं नाव कुठल्याच वहीत नाही, याची किंमत ओहायोत इंजिनिअरनं भरली. घरात जेवढ्यांना छत देऊ, तेवढंच बाहेर मागायला तोंड राहतं.

ब्रिटनशी २०२५ मध्ये व्यापार कराराच्या सोबतीनं तीन वर्षांपर्यंत दुहेरी वर्गणी न भरण्याचं ठरलं. चांगलंच आहे, पण तेही कंपनीनं पाठवलेल्यांसाठी.

भारतानं १९६४ सालीच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ११८ क्रमांकाचा करार मान्य केलाय. परक्या देशातून आलेल्या कामगाराला सामाजिक सुरक्षेत आपल्या नागरिकासारखं वागवायचं, असा तो करार. जगातल्या चाळीसएक देशांनीच मान्य केला, अन् जिथं आपली माणसं सर्वात जास्त राबतात तिथं त्याचा उपयोग होत नाही.

आपल्या सरकारनंही एकदा प्रयत्न केला होता. २०१२ ला गल्फला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या कामगारांसाठी महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना काढली. कामगारानं पेन्शनसाठी अन् परतल्यावर बस्तान बसवायला पैसे ठेवायचे, सरकारनं भर घालायची. नाव नोंदवणारे फार थोडे निघाले अन् २०१७ ला ती बंद केली. खरं तर माणसं गावातून एजंटाच्या गाडीत बसतात तिथपर्यंत ती पोचायला हवी होती. मामू, तुम्ही त्या काळात तिथंच होता, नाव ऐकलं होतं?

नांदेडी मामू
खुदा की कसम, आज पहिल्यांदा ऐकायलो.

सुकडी बहात्तर
मी या धाग्यावर सगळ्यात म्हातारा असेन. मोबाइलवर टंकायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा. बाप, माय अन् मी पाझर तलावाच्या कामावर. दगड फोडून हाताची सालटं निघालेली. दुपारी सुकडी यायची, ओंजळीत घेऊन खायची. वास अजून नाकात आहे. त्याच धडपडीतून आपल्या राज्यात रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांची कल्पना. १९७७ ला कायदा झाला, मागेल त्याला काम हा हक्क म्हणून. देशाचा कायदा २००५ ला आला, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी.

आता ऐका पैसा कुठून यायचा. पगारदारांवर व्यवसाय कर लावला. मुंबईच्या ऑफिसातल्या कारकुनाच्या पगारातून महिन्याला थोडे पैसे कापले जायचे, अन् ते माझ्या मायच्या मजुरीला यायचे. त्या कारकुनानं पाटोदा कधी बघितलं नसेल. माझ्या मायनं मुंबई कधी बघितली नाही. तरी त्याचा पैसा तिच्या घामापर्यंत पोचला, कारण मधी एक सरकार होतं, दोघांवर हुकूम चालवणारं.

सौदीतली इमारत अन् सेलूचा गुडघा यांच्या मधी तसं कुणी नाही. तुम्ही शिकलेली पोरं आहात. दोन देशांच्या मधी तो व्यवसाय कर कसा लावायचा, ते शोधा.

शेडमालक
आबा, तुमचं वाचून दोन दिवस उत्तर देता आलं नाही.

मी बांगलादेशचं नाव भाव पाडण्यासाठी ऐकत आलो. काल बसून राणा प्लाझाचं वाचलं. २०१३, शिलाईकामाची इमारत कोसळली, ११०० हून जास्त मेले. जगभरातल्या ब्रँडांकडून अन् इतरांकडून ३ कोटी डॉलरचा निधी जमवला, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या नियमानं प्रत्येक कुटुंबाचा हिशोब करून वाटला. २०२२ पासून तिथं शिलाई कामगारांसाठी अपघात विमा प्रयोग म्हणून सुरू झाला, त्यात ब्रँड पैसे घालतात. म्हणजे आबांचा व्यवसाय कर काही ठिकाणी सुरू झालाय. खरेदीदारानं दिला की शेडवाल्याचा भाव बिघडत नाही, कारण सगळ्यांनाच लागतो.

माझ्या खरेदीवाल्या साहेबानं तुकड्यामागं १० पैसे माझ्या माणसांच्या विम्याला दिले तर मी उद्या तयार आहे. पण एकट्या माझ्याकडून मागू नका, शेजारच्या ठेकेदाराकडूनही घ्या. तेवढं झालं की माझा विरोध संपला.

बालाघाटची लेक
दादा, टनामागं १० रुपये हे तेच की. फक्त ते आमच्या बायांपर्यंत पोचू द्या.

नांदेडी मामू
दुधनाभाऊ, एक राहिलं. त्याचा पासपोर्ट दहावी नसलेल्यांचा असेल, इमिग्रेशन तपासणीचा. मग जाताना प्रवासी भारतीय बीमा सक्तीचा असतो. दोन-तीन वर्षांचा असतो, २७५ नाही तर ३७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांपर्यंत. सगळे पहिल्यांदा काढतात अन् पुढं विसरतात. २०२२ ला चालू होता का बघा. आणि अटल पेन्शन, श्रमयोगी मानधन या सरकारी पेन्शन योजनांच्या मागं पळू नका, दोन्हीत चाळिशीपर्यंतच नाव घालता येतं. असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम कार्ड मात्र काढून घ्या.

दुधनाकाठ
मंडळी, उशीर झाला, माफ करा. सगळं भावाला वाचून दाखवलं. आबांचं दोनदा वाचायला लावलं त्यानं.

परभणीतल्या मदरशातल्या एका मौलानांनी कागद वाचला. पहिल्या तीन पानांवर पगार, सुट्ट्या, सामान परत केल्याची यादी. हेल्मेट, पट्टा, बूट जोड एक. चौथ्या पानावर वकीलबाई म्हणाल्या तेच: सगळे हक्काचे पैसे मिळाले, काही बाकी नाही. तारीख मात्र १९ जून टाकलीय. अन् भाऊ म्हणतो तो जुलैच्या तेरा तारखेपर्यंत कामावर होता, त्याच्याकडं त्या दिवसांच्या हजेरीचे फोटो मोबाइलात आहेत. कफील एकदाही बदलला नाही. विमा २०१३ लाच संपलेला.

'मदद'वर तक्रार काल रात्री नोंदवली, लेकीनं भरली. तक्रार क्रमांक आला. गुडघ्याच्या रकान्यात काय लिहावं म्हणून भाऊ बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, लिही, पाटावरून पडलो, नोंद करू दिली नाही.

वकीलबाई
१९ जून अन् १३ जुलै हे लई मोठं सापडलंय. ते फोटो आजच दुसऱ्या मोबाइलात अन् पेनड्राइव्हवर उतरवा, तारखेसकट. मूळ फाइली कुणाला पाठवताना व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, तारीख गळते. आणि मौलानांकडून भाषांतर लिहून त्यांची सही घ्या.

नांदेडी मामू
हजेरीच्या फोटोत बरोबरचे कोण कोण दिसतात? त्यातलं नांदेड, परभणीचं कुणी परत आलेलं असेल तर मला नाव कळवा खासगीत. मी जाऊन भेटतो.

दुधनाकाठ
दोघं आहेत मामू. एक जिंतूरचा, एक तुमच्याच देगलूर नाक्यावरचा. फोन नंबर काढायलो.